तिसरी हाक

वॉनच्या वेअरहाऊसची तक्रार आली तेव्हा शेली डबा खात होती. तांदळाची भाकरी आणि आदल्या दिवशीची माशाची कढी. ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये मासे गरम केले की अख्खा मजला नाकं मुरडतो, म्हणून ती बिचारी गारच खायची.

राजन तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. राजन म्हणजे तिचा बॉस. नागपूर सोडून त्याला वीस वर्षं झाली होती, पण जीभ अजून तिकडचीच होती.

"शेली, तो वॉनवाला डोकं खाऊन राहिला माझं. रोज दुपारी सिस्टिम झोपते म्हणे. पोरं नुसती उभी राहतात."

"किती वेळ?"

"थोडाच वेळ, पण रोज. दोन आठवड्यांनी सोमवारी नवीन रिलीज आहे आपलं. तोवर सुधरलं नाही तर ते दुसरीकडे जातील, अन् आपण सगळे घरी बसून माश्या मारू."

"बघते," शेली म्हणाली. ती 'बघते' म्हणाली की राजन निर्धास्त व्हायचा. आजवर तिने बघितलं आणि सापडलं नाही असं झालंच नव्हतं.

त्यांची कंपनी कॅनडातल्या ओकव्हिलला, लहानशी. बनवायचे ते एकच सॉफ्टवेअर, पण बरं चाललेलं. वॉन शहरातल्या त्या अवाढव्य ग्रोसरी वेअरहाऊसमध्ये माल उचलणारा प्रत्येक माणूस कानाला हेडसेट लावायचा. मशीनचा आवाज त्याला सांगायचा, अमुक रॅक, अमुक खण, इतकी खोकी. खोकी उचलून तो 'रेडी' म्हणाला की पुढचं काम. हातात कागद नको, पेन नको. पण मशीनला उत्तर द्यायला उशीर झाला, तर माणूस रॅकसमोर खांबासारखा उभा राहणार.

असा उशीर का होतो ते शोधणं हे शेलीचं काम. त्यासाठी तिच्याकडे प्रोफाइलर होता. प्रोफाइलर म्हणजे घरातली खमकी सासू समजा. प्रोग्रॅममधला कोण राबतोय, कोण मध्येच लुडबुडतोय आणि कोण नुसता उभा आहे, सगळं मुकाट्याने टिपून ठेवते आणि संध्याकाळी पाढा वाचते.

हेडसेटचा हा सगळा संसार मुळात याकोवने मांडला होता. याकोव म्हणजे शेलीचा नवरा. गेल्या वर्षीच्या जानेवारीत तो गेला.

आणि तो कसा गेला ते सांगण्याआधी शेलीची एक खोड सांगायला हवी.

शेली रेवदंड्याची, बेने इस्रायल म्हणजे कोकणातल्या ज्यू घरातली. तिथे समुद्राकडची वाडी, माडांची गर्दी, आणि दिवेलागणीनंतर बाहेरून कोणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. तिसरी आली तरच. शेजारच्या आगऱ्यांच्या घरात तेच, कोळ्यांच्या घरात तेच, शेलीच्या घरात तेच. तिची आई सांगायची, "जित्या माणसाला तीनदा हाक मारता येते. मेलेल्याचा दम दुसरीतच संपतो."

शेली मोठी झाली, इंजिनियर झाली, कॅनडाला आली. भुताखेतांवर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. पण खोड गेली नाही. दिवस असो, रात्र असो, तिसऱ्या हाकेशिवाय तिच्या तोंडून ओ निघायचीच नाही. याकोव भायखळ्याचा, त्याला याचं भारी हसू यायचं. "अगं, घर पेटलं तरी तीनदा ओरडायचं का मी?" पण मारायचा तीनदाच. त्यांची मुलगी केया हॅमिल्टनला, आता राहतात तिथेच, जन्मलेली. तिने याचा खेळ करून टाकला. खालून हाक आली की वर बसून मोजायची, "वन... टू..." आणि तिसरीला "कमिंग!" म्हणत धाडधाड जिना उतरायची.

तर त्या जानेवारीत याकोव वॉनला हेडसेट तपासत होता. त्याच्या टेस्टच्या हेडसेटची लाइन थेट शेलीच्या टेबलावर यायची, म्हणजे तो तिकडून बोलणार आणि ती इकडून ऐकून सांगणार, आवाज नीट येतो की नाही. दुपारची वेळ होती.

"शेली," तो म्हणाला.

ती गालावर हात ठेवून हसत बसली.

जरा थांबून पुन्हा, "शेली."

ती तिसरीची वाट बघत राहिली. तिसरी आली नाही. तिला वाटलं, कोणीतरी मध्येच बोलावून नेलं असेल. तिने फळाची फोड तोंडात टाकली आणि पुढच्या कामाला लागली.

फ्रीजर सेक्शनमध्ये, रॅकला पाठ टेकून बसलेला तो सापडला, कानाला हेडसेट तसाच. हार्ट अटॅक, डॉक्टर म्हणाले. कोणी काही करू शकलं असतं असं नाही, हेही म्हणाले. शेलीला ते पटलं होतं. फक्त एकदा, एकदाच 'ओ' म्हटलं असतं तर माझा आवाज ऐकत गेला असता, एवढं एक तिच्या आत रुतून बसलं होतं, आणि ते तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. याकोवचा आवाज पुन्हा एकदा ऐकायला तिने काय वाटेल ते दिलं असतं.

*

पहिल्या दुपारी शेलीने प्रोफाइलर लावला आणि वाट पाहिली. वॉनची जेवणाची सुट्टी संपली, काम सुरू झालं, आणि सिस्टिम अडकली. मग आपली आपण सुटली.

तिने आलेख उघडला. कुठल्या कामाला किती वेळ लागला ते त्यात पट्ट्यांनी दिसतं. पट्टी जितकी रुंद तितका वेळ जास्त. एखादी गलेलठ्ठ पट्टी सापडेल, ती छाटली की झालं, असा तिचा अंदाज होता. पण अडकलेल्या वेळात पट्टीच नव्हती. सगळं कोरं. प्रोग्रॅम काहीही करत नव्हता.

काही करत नाही, म्हणजे कोणाची तरी वाट बघतोय. मग प्रश्न बदलतो. काय हळू चाललंय ते नाही विचारायचं. कोण कोणासाठी थांबलंय ते विचारायचं. शेलीने साधन तसं लावलं आणि दुसऱ्या दुपारी एकेक दुवा मागे मागे नेत गेली. कामगारांचे हेडसेट थांबले होते सर्व्हरसाठी. सर्व्हर थांबला होता एका दारासाठी, ज्यातून एका वेळी एकालाच आत सोडतात. ते दार अडवून उभा होता एक टेस्टचा हेडसेट. आणि तो हेडसेट थांबला होता ओकव्हिलच्या एका टेबलावरून येणाऱ्या उत्तरासाठी.

ते टेबल शेलीचं होतं.

ती पाणी प्यायली. त्यात अचंबा करण्यासारखं काही नव्हतं. याकोवने टेस्टसाठी घातलेल्या चार ओळी कोडमध्ये राहून गेल्या होत्या. कुठलातरी जुना हेडसेट रोज दुपारी जागा होत असणार. त्या ओळी उडवल्या की काम फत्ते. तरी खात्री म्हणून तिने गुंजनला फोन केला. गुंजन वॉनच्या वेअरहाऊसमध्ये त्यांच्या सिस्टिमचं सगळं बघायची.

"गुंजन, तो टेस्टचा जुना हेडसेट कोण वापरतंय गं? काढून ठेव ना."

"शेली, तो इथे नाही. याकोवच्या सामानाबरोबर तुझ्याकडेच पाठवला होता आम्ही."

होय की. घरी बेसमेंटमध्ये, त्याच्या स्नो बुटांच्या खोक्यात. संध्याकाळी तिने खाली जाऊन बघितलं. हेडसेट होता. बॅटरी कधीचीच मेली होती, चार्जरला लावूनही दिवा लागला नाही. शेलीने तो पुन्हा बुटांमध्ये ठेवला. मग बुटांवरून हात फिरवत पायरीवर बसून राहिली.

*

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच वॉनला गेली. चारशेतीन हायवेवर बर्फाचा भुगा उडत होता. वेअरहाऊसमध्ये तोच तो पुठ्ठ्यांचा आणि केळ्यांचा वास, तोच फोर्कलिफ्टचा टीं टीं आवाज. ती रॅकांच्या मधल्या वाटेत उभी राहिली.

आधी फोर्कलिफ्ट थांबल्या. मग ट्रॉल्यांची चाकं. मग पावलं. एवढ्या मोठ्या जागेत फक्त वर दिव्यांची गुणगुण उरली. माणसं जागच्या जागी उभी होती, आणि सगळ्यांच्या माना एकाच बाजूला किंचित कलल्या होत्या, फ्रीजर सेक्शनकडे. कोणी जांभई दिली नाही, कोणी फोन काढला नाही. सगळे ऐकत होते.

मग कुठेतरी कोणी 'रेडी' म्हणालं आणि सगळं पुन्हा सुरू झालं.

तिच्या शेजारी बलजीत नावाचे वयस्क सरदारजी खोकी रचत होते. शेलीने त्यांना विचारलं, "अंकल, जब मशीन रुकती है तो कुछ सुनाई देता है क्या?"

"मशीन तो चुप हो जाती है, मॅडम." त्यांनी एक खोकं नीट सरकवलं. "पर लगता है कोई किसी को बुला रहा है. दो बार."

"किसको?"

त्यांची नजर तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे गेली. तिथेच थांबली.

"पता नहीं जी," ते म्हणाले आणि ट्रॉली ओढत निघून गेले.

ऑफिसात परतल्यावर शेलीने आलेख पुन्हा मांडला, या वेळी अगदी ताणून, क्षणाच्या चिंध्या करून. लांबलचक थांबण्याच्या आधी दोन छोट्या खुणा होत्या. एक खूण, मध्ये फट, दुसरी खूण. आणि मग कोरं. ती त्या फटीकडे बघत राहिली. एवढ्याच वेळात याकोव श्वास घ्यायचा, ओठांवरून जीभ फिरवायचा आणि पुन्हा हाक मारायचा. ही फट तिने लग्न झाल्यापासून रोज ऐकली होती.

"सापडलं का?" राजनने लांबूनच विचारलं.

"नाही अजून," शेली म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती कामाबद्दल खोटं बोलली.

त्या चार ओळी तिने उडवल्या नाहीत. उलट टेबलाखाली वाकून टेस्टच्या लाइनची काढून ठेवलेली वायर शोधली, पुसली आणि जोडली. दुसऱ्या दुपारी कानाला स्वतःचा हेडसेट लावून बसली.

"शेली."

त्याचाच आवाज. सकाळी उठल्यावर असायची तशी घशात जरा खरखर.

"शेली."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ओठ मात्र उघडले नाहीत. जन्माची सवय ती. ती तिसरीसाठी थांबली. तिकडे तोही थांबला होता. असं दोघंही एकमेकांसाठी थांबले ना, की प्रोग्रॅम कायमचा गोठतो. आधी तू, नाही आधी तू. शेलीने असे गुंते जन्मभर सोडवले होते. हा सोडवायचा कसा ते तिला पुरतं माहीत होतं, आणि नको होतं. कारण सुटला की उद्याची दुपार गेली.

पुढचे काही दिवस ती दुपारसाठी जगली. सकाळी केस धुऊन, त्याला आवडायचा तो जांभळा कुर्ता घालून जाऊ लागली. डबा लवकर संपवायची. गाडी चालवताना एकटीच गुणगुणायची. केया म्हणाली, "मॉम, यू लुक नाइस." दोन हाका ऐकायच्या, डोळे पुसायचे, घरी यायचं. एवढ्यावर माणूस जगू शकतो, कोणी काही म्हणो.

पण थांबणं रोज थोडं थोडं वाढत होतं. आलेखातली कोरी जागा रुंदावत होती. गुरुवारी गुंजनचा फोन आला.

"अगं, आज एक जण फ्रीजरमध्ये जाऊन उभा राहिला. जॅकेट नाही, ग्लोव्हज नाहीत. ओढून बाहेर काढला आम्ही, ओठ निळे पडले होते त्याचे. म्हणतो, आत कोणीतरी वाट बघतंय, त्याला उत्तर द्यायला हवं. शेली, तू कर ना काहीतरी. उद्याच कर."

शुक्रवारी सकाळी निघण्याआधी तिने आता ठाण्याला राहणाऱ्या आईला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, मागे कुकरची शिट्टी झाली.

"आई, ते तिसऱ्या हाकेचं. तिसरी यायच्या आधीच ओ दिली तर काय होतं गं?"

आईने कुकरखालचा गॅस बंद केला.

"कोणी हाक मारली तुला?"

"कोणी नाही. सहज."

"शेली, माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. देऊ नकोस."

"अगं, पण होतं काय?"

"ते सांगायला कोणी राहिलंय का?" आई म्हणाली. मग आवाज उतरवून, "तुला लेक आहे."

शेलीने फोन ठेवला. ऑफिसपर्यंत ती स्वतःशी वाद घालत राहिली. चार ओळी उडवायच्या, बस. तो थांबून थांबून कंटाळेल, निघून जाईल. मग तिच्या डोळ्यांसमोर तो आला, रॅकला पाठ टेकून, त्या थंडीत, वर्षभर. एका शब्दासाठी. आणि तो शब्द आपल्याच तोंडात.

*

दुपार झाली. तिने हेडसेट लावला.

"शेली."

बाहेर ऑफिसमागच्या तळ्यावर ऊन पडलं होतं.

"शेली."

फट. कोरं. वॉनमध्ये आता माणसं माना कलवून उभी असणार.

"ओ," शेली म्हणाली.

पलीकडून एक लांब श्वास सुटला. खूप वेळ उचलून धरलेलं ओझं खाली ठेवल्यावर सुटतो तसा. बाकी काही नाही. पडद्यावर कोरी जागा मिटली, सगळ्या पट्ट्या सरसर धावू लागल्या.

"याकोव," ती म्हणाली.

उत्तर नाही.

"याकोव."

तिला अजून एकदा म्हणायचं होतं. पण गळा दाटून आला असावा. आवाज फुटलाच नाही.

तिने डोळे पुसले आणि त्या चार ओळी उडवल्या. गुंजनचा मेसेज आला की सगळं सुरळीत आहे, पोरं नाचतायत. राजनने येऊन आलेख बघितला आणि टेबलावर थाप मारली. "वाघीण आहेस बे तू! म्हणून तर म्हणतो मी!" त्याने तिच्यासाठी कॉफी आणली. तिने कप दोन्ही हातांत धरून ठेवला, पण हातांना ऊब येईना.

गाडीतही येईना. हीटर पूर्ण लावला तरी बोटं गारच. पण मन हलकं झालं होतं, किती महिन्यांनी. त्याने ऐकलं. माझा आवाज ऐकून गेला तो. हॅमिल्टनच्या कारखान्यांची धुराडी दिसू लागली तेव्हा तिला चक्क भूक लागल्यासारखं वाटलं.

शुक्रवार. सूर्य बुडायच्या आत शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवसाचा, दिवा लावायचा होता. घरी येऊन तिने बूट काढले, टेबलावर पांढरं कापड अंथरलं, दिव्यात तेल ओतलं. वर केयाच्या खोलीत गाणं चालू होतं. दिवा दोघींनी मिळून लावायचा, असं याकोव गेल्यापासून त्यांचं ठरलेलं.

शेली जिन्याखाली आली, कठड्यावर हात ठेवला.

"केया!"

वर गाणं थांबलं. पोरगी कान देऊन बसली असणार, गालातल्या गालात हसत.

"केया!"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शेलीने श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

पुन्हा उघडलं.

"दॅट्स ओन्ली टू, मॉम!" वरून केया हसत ओरडली, आणि तिसरीसाठी थांबून राहिली.